ठोशांची बारी

आमगावपासून दोन कोसांवरच्या एका गावात, सन एकोणीसशे अठ्ठावन्नची दिवाळी उलटल्यावर, जिल्हा क्रीडा मंडळाचं पत्र आलं. पत्र असं: 'आपल्या गावचे मुष्टियोद्धे श्री. दुधराम यांची ठोसा मारण्याची क्षमता समाधानकारक असून ठोसा खाण्याची क्षमता असमाधानकारक आहे. तरी पौषातील गोंदियाच्या सामन्यापूर्वी ती वाढवावी व तसा अहवाल सादर करावा.'

वरून कुणी गावाकडे काही वाढवून मागावं, ही पहिलीच वेळ. गाव हरखून गेलं.

दुधरामच्या आईच्या, रुख्माबाईच्या, हातातला तुळशीचा तांब्या मात्र तिथंच थांबला. नवरा गेल्यापासून तिचं बाराही महिने कसलं ना कसलं व्रत चालूच असायचं, आणि दुधराम हे त्या सगळ्या व्रतांचं एकुलतं एक फळ. गेल्या साली गोंदियाला त्यानं दोघांना आडवं केलं, आणि तिसऱ्याचा एकच ठोसा कानशिलावर बसला तेव्हा दोन दिवस तो आईला मावशी म्हणत होता. तिसऱ्या दिवशी 'माय' म्हणाला, तेव्हा कुठे तिनं घोटभर पाणी घेतलं. आणखी एक तसा ठोसा बसला तर माय परत येईलच, असं तिला कुठल्या देवानं सांगितलं नव्हतं.

गावात समिती एकच होती, तलावाची. म्हणून विषय तिच्यापुढे गेला. मनिराम पाटील अध्यक्ष, श्यामलाल सेक्रेटरी.

"मार चुकवायले शिकवा ना जी," दुधराम म्हणाला. "हनुवटी खाली, मान टणक, पाय हलते. मी मिलिट्रीत होतो तवा उस्ताद असंच सांगे."

श्यामलालनं पत्र पुन्हा डोळ्यांपुढे धरलं. "यात खाण्याचं लिहिलं आहे. चुकवण्याचा उल्लेख नाही."

"अन् चुकवला त क्षमता वाढन कशी?" पाटलांनी विचारलं.

आता ठोसे मारणार कोण? तर गावाला एक पद्धत बापजाद्यांपासून पाठ होती. तलावाचं पाणी धानाला जातं ते बारीनं. घरटी बारी ठरलेली. ज्याची शेती जास्त त्याला पाणी जास्त. स्वतःला जमत नसेल तर बारी दुसऱ्याला द्यावी, पण ती फुकट जाता कामा नये. या बारीवरून गावात आजवर भांडण झालं नव्हतं. तीच इथं लावली. पाच एकरांमागे एक ठोसा. धान कापून झालं होतं, हात रिकामेच होते. दिवस उगवला की रुख्माबाईच्या अंगणात ओळ लागे, आणि दुधराम हात मागे बांधून मधोमध उभा राही.

न्याय असा चोख की बघत राहावं. कुणी पुढे घुसलं नाही, कुणी पाव ठोसाही जास्त मारला नाही. जावयाचा राग, सासूचा राग, पटवाऱ्याचा राग, ज्यानं त्यानं घरून आणलेला असे. पण तो आपापल्या एकरांतच बसवला जाई.

आठव्या दिवशी श्यामलालनं हाक मारली, "रुख्माबाई, तुमच्या घरची बारी."

"माह्या घरची?"

"तुमचं घर वगळलं तर अन्याय होईल. लोक उद्या म्हणतील, पोरगा यांचा म्हणून यांना सूट."

"आज माहा सोमवार आहे जी. मी आज मुंगीले बी हात लावत नाई."

व्रताचा मान सगळ्यांनीच राखला. तिची बारी शेजारच्या सुखरामला दिली गेली. सुखरामनं आपला एक मारला आणि तिचा एक मारला, आणि संध्याकाळी वाटीत कोमट तेल घेऊन आला.

"वयनी, सुजलं असन त चोळून देतो."

"तुमीच मारलं ना, भाऊजी?"

"मारलं, पण बारीनं मारलं. मनात काई नाई."

आपल्या दयेचा ठोसा दुसऱ्याच्या मुठीतून पोराला बसतो, हे रुख्माबाईला तेव्हा कळलं. पुढच्या फेरीत ती स्वतः गेली. तिनं दुधरामच्या गालाला नुसती बोटं टेकवली, दृष्ट काढावी तशी. श्यामलालनं 'काम अपुरे' असा शेरा मारला आणि अतिशय नाइलाजानं उरलेलं काम स्वतः पूर्ण केलं.

पौषात गोंदियाचा सामना झाला. समोर तिरोड्याचा गडी. त्यानं तिन्ही फेऱ्या मनसोक्त मारलं. दुधराम हललाही नाही. त्यानं हातही उचलला नाही. तिसरी फेरी संपल्यावर त्यानं धापा टाकणाऱ्या त्या गड्याला विचारलं, "झालं का जी तुमचं?"

"हरला?" गावात परतलेल्यांना लोकांनी विचारलं.

"हरला. पण उभा राहून हरला," पाटील म्हणाले, आणि 'उद्दिष्ट पूर्ण' असा अहवाल गेला.

रुख्माबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. ओवाळायला तिनं हात वर केला मात्र, दुधरामनं दोन्ही हात मागे नेले आणि निमूटपणे गाल पुढे केला.

भाकरतुकडा तिनं उंबऱ्यापाशीच ठेवला. त्याची धोतरजोडी गाठोड्यात बांधली आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं पोराला दरेकशाला भावाकडे रवाना केलं. "मामा सांगन तेवढंच कर. अन् कोणी हात उचलला त पळ."

सकाळी सडा घालायला ती बाहेर आली, तर अंगणात ओळ.

"आता कायले आले जी? सामना त झाला."

"सामना झाला," श्यामलाल म्हणाला, "बारी कुठे झाली? तिसरी फेरी अर्ध्यावर आहे. खालच्या टोलीची अकरा घरं राहिली. त्यांनी काय पाप केलं?"

"दुधराम घरी नाई."

पाटलांनी विचार केला. तलावाच्या मातीकामाला घरचा गडी आला नाही, तर त्या घरानं बदली माणूस द्यायचा, हा नियम आजवर कुणी मोडला नव्हता. त्यांनी तो अतिशय मऊ आवाजात सांगितला.

रुख्माबाईनं हातातली बादली खाली ठेवली. पदर खोचला. अंगणाच्या मधोमध, जिथं पोरगा उभा राहायचा तिथं, ती जाऊन उभी राहिली.

"घ्या," ती म्हणाली. "या घरात आता मीच आहे."

पाटील पागोटं सारखं करू लागले. सुखरामनं मान खाली घातली. ओळीतल्या एकूण एक माणसाला मनापासून लाज वाटली. याबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण जागचं कुणी हललं नाही. कारण ओळ एकदा सोडली की परत शेवटी उभं राहावं लागतं, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. मग मागून कुणीतरी, अगदी नम्रपणे, म्हणालं,

"पुढे सरका ना जी."