साठाव्या पानानंतरचा खून

माणसाची मान खाली ठेवायला काय लागतं? एक चांगलं पुस्तक! बस्स! असं मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं आणि तिथेच फसले.

झालं असं, की माझ्या थोरल्या नणंदेच्या, म्हणजे वन्संच्या, डोळ्यातला पडदा सरकला. शस्त्रक्रिया करून आत वायूचा बुडबुडा सोडला. तो वर चढून पडद्याला दाबून धरतो, म्हणून दहा दिवस पालथं पडून तोंड जमिनीकडे! "मान वर केलीत तर डोळा गेला समजा," डॉक्टर म्हणाले.

आता वन्सं म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. या मानेला खाली जायची सवय कुठली!

"मी वाचून दाखवीन हो," मी म्हणाले.

"तू?" उशीतून आवाज आला. "सातवीत शाळा सुटलेली तू मला वाचून दाखवणार?"

तीस वर्षं ही सातवी माझ्या पाठीला चिकटली आहे. पुढचं सगळं मी वाचनालयात बसून स्वतःच शिकले, पण त्याचा दाखला कोण देतो? म्हटलं, एकदा, आयुष्यात एकदाच, या बाईच्या तोंडून 'छान' ऐकायचंच.

ग्रंथपालांनी मानसशास्त्रीय रहस्यकादंबरी दिली. मलपृष्ठावर लिहिलेलं, 'श्वास रोखून धराल!' उघडली. नायिका खिडकीशी उभी. दहाव्या पानावर खिडकीशीच. तिसाव्या पानावर तिने पडदा बाजूला केला. आमच्या वन्संचासुद्धा याहून लवकर सरकला होता! पन्नासाव्या पानावर तिला वाटलं, की आपल्याला काहीतरी वाटतंय. श्वास रोखला असता तर आम्ही दोघी केव्हाच गेलो असतो!

"मेलं का गं कुणी?"

"अजून नाही, वन्सं."

"मग मीच मरते. उठव मला!" आणि खांदे खरोखरच उचलायला लागल्या की हो!

पान साठ. डोळे पुस्तकावर ठेवले आणि जीभ मोकाट सोडली. "तेवढ्यात माळ्यावर काहीतरी धप्पकन पडलं!"

पुस्तकात माळाच नव्हता. पण मान खाली गेली.

मग काय! कणीक मळताना, कपडे वाळत घालताना मी माणसं मारत सुटले. माळ्यावर प्रेत, खोटं मृत्युपत्र, परत आलेली जुळी बहीण! सगळ्यात आधी नायिकेची नणंद मेली, हे कबूल करते. वन्संना ते फार आवडलं. "बरी खपली," म्हणाल्या. "होतीच तसली!"

तिसऱ्या दिवशी शेजारीण वाटी परत करायला आली, ती बसलीच. पाचव्या दिवशी आमचे हे कामावरून लवकर आले. लग्न झाल्यावरसुद्धा या माणसाला घराची एवढी ओढ लागली नव्हती!

वन्सं फोन कानाशी धरून मैत्रिणींना सांगत, "काय लिहितो गं हा लेखक! बाईचं मन असं ओळखलंय मेल्याने!"

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत असे.

दहाव्या दिवशी डॉक्टर खूश. पडदा घट्ट चिकटला होता. "कशी काय ठेवलीत मान खाली?"

"लेखकाची कृपा," वन्सं म्हणाल्या. वन्सं, आमचे हे आणि मी, तिघं जण खाली उतरलो. रिक्षात मी पिशवी धरून बसले.

महिन्याने वाचायची परवानगी मिळाली, तशी वन्संनी तेच पुस्तक स्वतः आणलं. दोन दिवस घरात शांतता. मग हाक आली.

"इकडे ये. यात माळा कुठाय? जुळी बहीण कुठाय? ही बया अजून खिडकीशीच उभी आहे!"

बोलायची वेळ हीच होती. हात पदराला पुसले. "वन्सं, साठाव्या पानापुढचं सगळं मी रचलंय."

दोन्ही डोळ्यांनी, माझ्या जिवावर वाचलेल्या एका डोळ्यानेसुद्धा, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या एका शब्दाची वाट बघत उभी होते.

"तू?" म्हणाल्या, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम मुख्याध्यापिका झाल्या. "बढाया पुरेत. शेवटची चार पानं गायब आहेत. तूच फाडलीस ना?"

शेवटपर्यंत मी गेलेच नव्हते, मला काय माहीत! माझ्याआधी कुणीतरी कंटाळून फाडली असतील!

"अहो, चार पानांत सहा खून मावतील का?"

"चांगला लेखक थोडक्यात लिहितो!"

हाताला धरून मला वाचनालयात नेलं. हेही बरोबर आले होते; यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. हे म्हणाले, "फाडली म्हणून लिहून टाक ना, ताईला कशाला त्रास!" ग्रंथपालांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहिलं: भाजी चिरता चिरता वाचत होते, ओला हात लागला, पानं चिकटली, सोडवताना फाटली, क्षमस्व. खाली सही केली.

माझ्या नावाने कागदावर उतरलेली माझी पहिली कल्पित कथा ती. ग्रंथपालांनी एका दमात वाचली आणि त्यांना अक्षरन् अक्षर पटली.