धूर हुंगणारे डोमाबाबा

कुणाच्या छपराच्या कवेलूंतून धूर निघताना दिसला की डोमाबाबांना राहवत नसे. म्हातारा सरळ त्या घरावर चढे, दोन कवेलू सरकवून आत डोकं घाली आणि ओरडे, "धूर कायले खाता? भाकर खा ना!" खाली भाकर थापणारी बाई दचके, भाकर राखेत पडे, आणि मग बाबांच्या सात पिढ्यांचा उद्धार होई.

मी तेव्हा फुलसावंगीजवळच्या एका खेड्यात नवा ग्रामसेवक होतो. सरकारने बिनधुराच्या चुली काढल्या होत्या. चूल मातीचीच, फक्त धूर बाहेर न्यायला पत्र्याचा पाइप. त्या घरोघर बसवायचं काम माझं. बायका सगळं ऐकून घेत, चहा पाजत आणि माझी पाठ वळली की पाइपात चिंधी कोंबत. पाइपातून ऊब पळते आणि कपाशीच्या पऱ्हाट्या जास्त जळतात, असं त्यांचं म्हणणं. गिरजाबाईने तर पाइप काढून त्याची परसात पन्हळ केली आणि जुन्या चुलीवर स्वयंपाक चालू ठेवला. डोमाबाबांनी तो प्रकार पकडला आणि तिची चूल स्वतःच्या हातांनी फोडली. तेव्हापासून गिरजाबाई त्यांच्याशी बोलत नव्हती. पगार मी घेत होतो, पण काम खरं हा म्हातारा करत होता.

त्यातच गटविकास अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की गावात एकही जुनी चूल उरली नाही, तर चावडीला रेडिओ मिळेल. झालं! गडीमाणसंही चुलींच्या मागे लागली.

पाहणीच्या दिवशी साहेब घरोघर फिरले. सगळं ठीक निघालं. शेवटचं घर डोमाबाबांचं. एकटा माणूस, अंगणात तीन दगडांवर काहीबाही शिजवून खाई. हा धूर चालतो का, असं विचारलं तर म्हणे, "हा आभायाचा धूर हाय, यानं कोणाचे डोये जात नाही." त्यामुळे त्यांच्या घरात कधी कुणी डोकावलंच नव्हतं.

आत गेलो आणि बघतो तर काय! कोपऱ्यात जुनी चूल होती. राखेचा कण नाही, ताजी सारवलेली. काठावर बाईच्या बोटांचे ठसे होते, तेवढे सोडून सारवलेली.

ही फोडावी लागेल, साहेब म्हणाले. दारात गाव जमलं होतं. हातातोंडाशी आलेला रेडिओ चालला होता. डोमाबाबांनी चूल फोडायला लोखंडी सब्बल उचलली, चुलीपुढे बसले आणि बसूनच राहिले.

"माह्या सखूनं केल्ली हाय थे," ते म्हणाले. "धुरानं डोये गेले तिचे. पदरानं डोये पुसे, तं मी म्हणो, बायकाइले रडाची सवयच असते. ती गेली तवापासून पेटवली नाही मी. पण फोडाले हात उठत नाही, सायेब."

साहेब तसे कडक, पण त्यांनी वाकून काठावरचे ते ठसे पाहिले. मग मला म्हणाले, जी पेटतच नाही ती चूल कशाला मोजायची? आणि बाहेर पडले. रेडिओ गावाला मिळाला.

सगळे पांगले तरी बाबा तिथेच बसून होते. गिरजाबाई आत आली. तिने त्यांच्या हातातली सब्बल काढून भिंतीला टेकवली.

"बाबा, सांजी जेवाले आमच्याकडे या," ती म्हणाली. "आन् कवेलूवरून नाही, दारातून या."