लंगोट-वेसणवाले हिराजीनाना

हिराजीनानांच्या दुकानात काम घेऊन गेलात तर ते तुम्हाला 'बसा' म्हणत नाहीत. 'झोपा' म्हणतात.

"आदी खाली झोप. मंग बोलू."

खाली म्हणजे तुमच्याच गाडीखाली. ते एक गोणपाट तुमच्याकडे फेकतात, दुसरं स्वतःसाठी अंथरतात, आणि पुढची पाच-दहा मिनिटं तुम्ही दोघं शेजारी शेजारी उताणे पडून तुमच्या गाडीचं पोट बघता. नाना बॅटरी मारून एकेक अवयव दाखवत जातात.

"ह्यो चेंबर. ह्यात तेल. ह्यो फुटला का गारी मेली. बगितला व्हता कदी?"

आपण कधीच बघितलेला नसतो. गाडीला 'गारी' म्हणणं ही त्यांच्या गावची बोली, आणि गारीच्या मालकाने गारीचं पोट बघितलेलं नसणं हा त्यांच्या मते मोठा अपराध.

एकदा एक गोदामवाले शेठ आले. पांढरा शुभ्र सदरा, आणि सदऱ्याच्या पुढे आधी त्यांचं पोट दुकानात शिरलेलं. म्हणाले, "मी ड्रायव्हर पाठवतो, त्याला सांगा काय ते."

"गारी कोनाची?"

"माझीच."

"मंग ड्रायव्हर कशाला? तू झोप."

शेठ झोपले. आत गेले ते सहज, पण बाहेर येईनात. शेवटी मी एक पाय धरला, नानांनी दुसरा, आणि शेठना ओढून काढलं. सदऱ्यावर ग्रीसचा हा एवढा पट्टा. मला वाटलं, आता शिव्या पडणार. पण शेठचा चेहरा वेगळाच झाला होता. म्हणाले, "अरे, तो चेंबर किती खाली लोंबतोय!" त्या आठवड्यात त्यांच्या सगळ्या गाड्या नानांकडे आल्या.

मी सलीम. माझा स्वतःचा मिनी ट्रक आहे. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या लूमवरून, म्हणजे यंत्रमागांवरून, कापडाचे तागे उचलायचे आणि दापोडे, कशेळीच्या गोदामांत टाकायचे, हा माझा धंदा. नानांची शेड दापोड्याच्या रस्त्यालाच, दोन अवाढव्य गोदामांच्या मध्ये चेपून बसलेली. पूर्वी तिथे त्यांचं भाताचं खाचर होतं. बाकीचं गोदामांना गेलं, शेडपुरतं त्यांनी राखून ठेवलं.

या शेडमध्ये नाना दोनच वस्तू बनवतात, त्याही फक्त छोट्या ट्रकसाठी. एक म्हणजे इंजिनाखाली बसवायचा जाड पत्रा. दगड लागला, गतिरोधक घासला, तरी मार पत्र्यावर जातो आणि तेलाचा चेंबर वाचतो. दुसरी वस्तू पुढे, बंपरच्या खाली: चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टांनी पकडलेली एक चौकोनी नळी. त्या नळीत हूक नाहीतर दांडा सरकवायचा आणि आडवी पिन मारायची. चिखलात फसलेली गाडी तिथून ओढता येते, अरुंद गल्लीत ट्रॉली पुढे ढकलत नेता येते. ही नळी नव्हती तेव्हा आम्ही बंपरलाच दोरी बांधायचो. गाडी चिखलातच राहायची आणि बंपर ओढणाऱ्याबरोबर निघून जायचा.

या वस्तूंना इंग्रजीत नावं असतील. नानांकडे पत्र्याचं नाव लंगोट आणि नळीचं नाव वेसण. पाटीवरसुद्धा तेच: 'लंगोट व वेसण बसवून मिळेल.' खाली पेंटरने आपल्या मनाने हिंदीत लिहून टाकलं, 'यहाँ लंगोट पहनाया जाता है.' लूमवरचे कामगार सुट्टीच्या दिवशी ही पाटी बघायला यायचे. एक म्हातारे पैलवान शेअर रिक्षा करून आले आणि लाल रंगाचा आहे का म्हणून विचारू लागले. नानांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "गारी कनची?"

माणसं नानांना चेहऱ्याने लक्षात राहत नाहीत. मी एकदा त्यांना धामणकर नाक्यावर भेटलो, पायी. हात केला, हसलो, "काय नाना, इकडे कुठे?" म्हणालो. नाना माझ्याकडे नुसते बघत राहिले.

"मी सलीम, नाना."

"कोन सलीम?"

"मागचा डावा पाटा तुटला होता बघा, सायलेन्सरला तार बांधलेली..."

"हां! सलीम! मंग तसं बोल ना!" आणि त्यांनी मला मिठीच मारली.

दापोड्यातल्या एका हळदीत तर डीजे अचानक बंद पडला. नाचणारी मंडळी ओरडायला लागली. डीजेवाला वायर तपासायला खाली वाकला, तर डीजेच्या टेम्पोखालून दोन पाय बाहेर आलेले. नव्या कोऱ्या पांढऱ्या कपड्यांतले नाना होते. बाहेर आले ते नवरदेवाच्या बापाला म्हणाले, "गारी कोनाची हाय? तेल गळतंय." वायर त्यांच्याच खांद्याने निघाली होती हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तेल खरोखरच गळत होतं.

असे हे नाना. घरी एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दुपारी शेडमध्येच स्टोव्हवर भात टाकतात, बरोबर सुकट. कोणी आलं असेल तर पातेलं पुढे करतात, पण बोलतात ते लंगोटाबद्दलच. त्यांच्या घरच्या गोष्टी मला फारशा माहीत नव्हत्या. आमची ओळख गाडीखालची.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रस्त्यांची चाळण झाली होती आणि नानांकडे रांग लागली होती. मी पण माझ्या वेसणीची पिन बदलायला गेलो होतो. तेवढ्यात एक ड्रायव्हर बोलता बोलता म्हणाला, "कशेळीला ती जयू आहे ना, टेम्पो चालवते ती, काल तिचा चेंबर फुटला. भर रस्त्यात. सगळं तेल खाली. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून जीव खात होते, आणि ही एकटी गाडी ढकलतेय."

नानांचा ग्राइंडर बंद झाला. त्यांनी चष्मा वर केला, ड्रायव्हरकडे बघितलं, चष्मा परत खाली घेतला. पण ग्राइंडर काही परत सुरू झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मला फोन. "सलीम, ये. तुजा लंगोट सोडाचाय."

मी गेलो. म्हटलं, "नाना, माझा लंगोट चांगला आहे की."

"चांगलाच हाय. माप घ्याचंय. जुना साचा उंदरांनी खाल्ला."

ऑनलाइन मालाची खोकी कापून नाना पुठ्ठ्याचे साचे करतात आणि ते छताला टांगतात. मी वर बघितलं. माझ्या गाडीचा साचा तिथेच लटकत होता, उंदराचा दातही न लागलेला. नानांनी माझ्या गाडीखाली नवा पुठ्ठा धरला, पेन्सिलीने एकेक भोक आखलं, परत परत तपासलं. माझ्या वेळी एवढं केलं नव्हतं.

मग ते कामाला लागले. मी माल टाकून येता-जाता बघत होतो. पत्र्याची पुढची कड त्यांनी वर वळवली, म्हणजे गतिरोधकावरून तो घसरत जावा. पाणी आणि चिखल निघून जायला भोकं पाडली. तेल बदलायच्या नटासमोर खिडकी ठेवली. आणि मग कानस घेऊन सगळ्या कडा घासायला बसले. बोट फिरवायचे, घासायचे, परत बोट फिरवायचे. त्यावर तांबडा प्रायमर, आणि त्यावर निळा रंग.

"नाना, गाडीच्या खाली निळा रंग कोण बघणार?"

"तुला काय कराचंय?"

वेसणही तशीच, निळी. दोन्ही वस्तू त्यांनी गोणपाटात गुंडाळून माझ्या गाडीत ठेवल्या आणि मग कधी नव्हे ते माझ्या तोंडाकडे बघून बोलले.

"कशेळीला जातोस ना? त्या जयूची गारी तुज्यासारकीच हाय. बसवून ये. बोल, तुज्याकडं जादाचा पडला व्हता."

"तुमचं नाव?"

"माजं नाव घ्याचं न्हाय."

जयू मला कशेळीच्या एका गोदामाबाहेर सापडली. पंचविशीची, केस वर बांधलेले, अंगात पुरुषी शर्ट, नवा चेंबर घालून आणलेल्या गाडीच्या टायरमध्ये हवा भरत होती. मी माझं नाव सांगितलं आणि नानांनी शिकवल्याप्रमाणे म्हणालो, "जादाचा पडला होता." तिने गोणपाट उघडलं. पत्र्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं.

"बाबांनी पाठवलाय ना?"

मला तर तेव्हाच कळलं की ही नानांची मुलगी.

"भिवंडीत दुसरं कोण कडा घासतं, सलीमभाई?" ती म्हणाली. "माझ्या बाबांशिवाय कोणाला एवढा वेळ आहे?"

मग तिथेच टायरला टेकून तिने सांगितलं. दोन वर्षं गोदामात पॅकिंगचं काम करून तिने ही जुनी गाडी घेतली होती. घरी आणली तेव्हा हातात पेढे होते, गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. नाना घरातून निघाले, गाडीला वळसा घातला आणि थेट खाली शिरले. बाहेर आले ते सगळ्यांसमोर म्हणाले, "चासी वाकडी हाय. फसवली तुला."

"आणि चासी खरंच वाकडी होती," जयू म्हणाली. "मी नंतर दाखवली दुसरीकडे, सरळ करून घेतली. पण त्यांनी एकदा वरून तरी बघायची ना गाडी!"

तिने बोट दाखवलं. काचेच्या वर, केबिनच्या कपाळावर, पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: चांगुणा.

"आईचं नाव. त्यांनी बघितलंच नाही. मी त्याच दिवशी मावशीकडे आले, कशेळीला. त्यांनी बोलावलं नाही, मी गेले नाही."

तिने तो निळा पत्रा उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "बसवा."

मीच बसवला. ती बोल्ट हातात देत होती. एकही भोक इकडेतिकडे नव्हतं. पत्रा असा बसला, जणू गाडी कारखान्यातूनच तो लावून आली असावी. वेसणही तशीच. मी माझ्या पान्याने सगळं करकचून आवळलं. मग तिने गाडी गोदामासमोरच्या उंच गतिरोधकावरून नेली. पूर्वी तिथे तिचा चेंबर घासायचा. आता पत्रा घासला, गाडी आरामात पुढे गेली. उतरली ती हसत होती.

नानांना मी एवढंच सांगितलं, "बसला."

"बरं," म्हणाले, आणि पाठ फिरवून कामाला लागले. काय म्हणाली, कशी दिसते, काही विचारलं नाही. मात्र जरा वेळाने, तिकडे तोंड करूनच: "बारीक झालीय का?"

"नाही नाना. चांगली आहे."

"बरं."

पुढच्या आठवड्यात मी वेसणीची राहिलेली पिन घ्यायला दुपारच्या वेळी शेडमध्ये होतो. बाहेर एक मिनी ट्रक येऊन थांबला, तोंड दुकानाकडे करून. जयू उतरली. नाना भाताचं पातेलं उतरवत होते. ते हातात तसंच राहिलं.

मला वाटलं, आता रडारड होणार. पण ती कमरेवर हात ठेवून, गिऱ्हाईक बोलतं तशी बोलली:

"बाबा, तुमचा पत्रा बरोबर बसत नाही. खडखड वाजतो सारखा."

मी तोंड उघडलं होतं. ते बोल्ट मी आवळले होते! ती गाडी चालवत दापोड्यापर्यंत आली, गाडीचा खडखडाट मला तरी ऐकू आला नव्हता. आणि नानांच्या कामाला कोणी नाव ठेवलं की काय होतं तेही मला ठाऊक होतं. एका ड्रायव्हरला त्यांनी पाना उगारून रस्त्यापर्यंत पोचवलं होतं.

नानांनी पातेलं खाली ठेवलं. हात लुंगीला पुसले. गाडीच्या समोर आले आणि तिथेच थांबले. मान वर करून, एकेक अक्षर लावत, त्यांनी ते पिवळं नाव वाचलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग सावकाश वाकले आणि खाली गेले.

खालून पत्र्यावर थाप मारल्याचा आवाज आला. भरीव, घट्ट. नानांनी पुन्हा एकदा थाप मारली. आम्ही दोघं वाट बघत उभे. बाहेर ट्रकांची रांग लागली होती, कोणीतरी हिंदीत कोणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत होतं.

नाना बाहेर आले तेव्हा डोळ्यांत धूळ गेल्यासारखे ते डोळे चोळत होते.

"हां," म्हणाले. "माप चुकलं माजं. सगळा सोडावा लागंल."

"किती वेळ लागेल?" जयूने विचारलं.

"लागंल टाइम. घाईचं काम न्हाय ह्ये." नाना शेडकडे वळले. पातेल्यावरचं झाकण काढलं, आत बघितलं आणि कोपऱ्यातला तांदळाचा डबा ओढला. "अजून थोडा टाकतो. तवर बस."

मी पिन घेतली आणि निघालो. गाडी वळवताना आरशात बघितलं, तर नानांनी गोणपाट झटकून दुमडलं होतं आणि तिला बसायला टाकलं होतं, आणि ती बसली होती.