सात नंबर

घड्याळजींच्या घरी सरळ बोलायची पद्धतच नव्हती; सगळा कारभार नंबरांत. एक म्हणजे पाहुणे लवकर हलत नाहीत, चार म्हणजे जेवण करपलंय, आणि सात म्हणजे थोरल्या ताई गायला बसल्या, पळा! आईबापामागे ताईंनीच घड्याळजींना लहानाचं मोठं केलं होतं. 'गाऊ नकोस' म्हणायची कोणाची छाती होणार?

पण दिवस मोठे वाईट होते. चौकात चौघं थांबले की शिट्टी वाजे आणि फोनवर तिसरा कान हमखास असे. त्या कानाने एका दुपारी बायकोने घड्याळजींना दुकानात केलेला फोन टिपला: "सात सुरू झालंय. पोरांना घेऊन मागच्या दाराने निघतेय. तुम्ही तासभर घराकडे फिरकू नका."

संध्याकाळी पोलीस साहेब दारात हजर! बसले आणि वही उघडली.

"सात म्हणजे काय?"

समोर ताई पाण्याचा पेला घेऊन उभ्या. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर ताईंचं मन मोडणार, न सांगावं तर तुरुंग.

"आमचं घरगुती आहे हो, साहेब."

"घरगुती? मग मागच्या दाराने का पळता? सभा? पत्रकं? बोला, नाहीतर चला आमच्याबरोबर."

बायकोने कोपर मारलं. "अहो, सांगून टाका ना एकदाचं!"

घड्याळजींनी ताईंकडे पाहिलं आणि मुकाट्याने चपला पायात घातल्या. "चला, साहेब."

"ए शहाण्या, बस खाली!" ताई कडाडल्या. "साहेब, सात म्हणजे माझं गाणं. नऊ वर्षं झाली, ठाऊक आहे मला."

"कशावरून?"

ताईंनी तिथेच सूर लावला. पहिल्या कडव्यापर्यंत साहेबांनी दम धरला, दुसऱ्याला वही मिटली आणि तिसरं सुरू व्हायच्या आत जिना उतरले.

घड्याळजींना अगदी भरून आलं. "चुकलंच आमचं, ताई. पण ठाऊक होतं, तर गात का राहिलीस गं?"

ताईंनी खिडकी लावली, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि चादरींच्या घड्यांतून चिमुकला रेडिओ काढला.

"दुपारी चार वाजता परदेशच्या बातम्या लागतात. त्या ऐकायला बंदी. तुम्हाला घराबाहेर काढल्याशिवाय ऐकणार कशी?" मग रेडिओ पुढे सरकवत म्हणाल्या, "तुला इतकी वर्षं भित्रा समजत होते रे. उद्यापासून तूही बस जवळ."