ग्रंथालयाच्या उतारावर कुलगुरू

विद्यापीठात असताना माझ्याइतक्या सफाईने स्केटबोर्ड कुणी चालवत नव्हतं, असं मी घरी सांगतो. बायको ऐकून घेते. तीही तिथलीच, पण ग्रंथालयात बसणारी, त्यामुळे तिला आमचा फक्त आवाज माहीत.

तो आवाजच आमच्या मुळावर आला. आमचा स्केटबोर्ड क्लब म्हणजे मूठभर पोरं आणि त्याहून कमी फळ्या. एकाची पाळी संपेपर्यंत बाकीचे कठड्यावर बसून त्याच्या पडण्याची वाट बघायचे. चाकांच्या खडखडाटात वाचन होत नाही अशी तक्रार गेली आणि कुलसचिवांनी क्लब बंद करायचं ठरवलं. आमची अध्यक्ष वनस्पतिशास्त्राची, सगळे तिला ताई म्हणायचे. ती थेट कुलगुरूंना भेटून आली. सर एकदा स्वतः बघणार होते, मग निर्णय. ग्रंथालयाच्या उतारावरून कोण येईल, असं तिने विचारलं. मी छाती काढून म्हणालो, "डोळे मिटून येतो."

त्या दिवशी सगळे उताराच्या पायथ्याशी, कार्यालयाच्या दाराजवळ उभे. मी वर. एक पाय फळीवर ठेवला, खाली कोण कोण बघतंय ते पाहिलं, केसांवरून हात फिरवला आणि तेवढ्यात फळी निघाली. मी तिथेच राहिलो, बसकण मारून.

बाजूला व्हा म्हणून मी ओरडलो. सगळे झाले. नेमके तेव्हाच कुलगुरू दारातून बाहेर आले, मागे वळून कुलसचिवांशी बोलत, आणि त्यांचा पाय पडला तो थेट फळीवर.

पडले नाहीत हो! कोट, टाय, हातात चष्म्याचं घर अशा थाटात सर आमच्यासमोरून सरकत गेले, जणू एखादा पुतळा दुसऱ्या चौकात हलवताहेत. मागून कुलसचिव धावताहेत. गुलाबांच्या ताटव्याशी फळी थांबली. सर उतरले. ताईचा चेहरा पांढराफटक. क्लब गेलाच, असं आम्ही धरून चाललो.

"ब्रेक कुठे असतो?" सरांनी विचारलं.

"नसतो, सर," ताई म्हणाली.

सरांनी वर उताराकडे पाहिलं आणि चष्म्याचं घर कुलसचिवांच्या हातात दिलं. "जरा धरा. आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं."

क्लब वाचला. वाचनाच्या वेळा तेवढ्या सोडायच्या, एवढीच अट. मग सर अधूनमधून संध्याकाळी यायचे, कोट काढून उन्हाने तापलेल्या कठड्यावर आमच्यात बसायचे, पाळीची वाट बघत. पडले की आधी आजूबाजूला कुलसचिव नाहीत ना, ते बघायचे. इतकं मोकळं हसू मला नंतर कुठल्याच साहेबाच्या तोंडावर दिसलं नाही.

परवा मुलीच्या प्रवेशासाठी तिथे गेलो, तर उतारावर पोरंच पोरं. क्लबातल्या एकीने आम्हाला कुलगुरूंची गोष्ट सांगितली, चांगली तिखटमीठ लावून. सरांनी म्हणे गुलाबांवरून उडी मारली होती. मला राहवेना. म्हटलं, ती सुटलेली फळी माझी.

तिने समजुतीने माझ्या पोटाकडे पाहिलं.

"काका, दरवर्षी कुणीतरी येऊन असं सांगतं."