साडूचा पोरगा फार्मवर गेला

मी कुणावर जळत न्हाई. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. शेजाऱ्यानं चारचाकी घेतली, मी नारळ घेऊन गेलो. ऑफिसात माझ्यामागून लागलेला माणूस माझा साहेब झाला, मी त्याला हार घातला. बिलकुल जळलो न्हाई. पण साडू हे नातंच वेगळं आहे. सासुरवाडी एक, सासू एक, आणि जेवायला बसलं की तुपाची वाटी आधी त्याच्या ताटाकडं वळते. अशा वेळी पोटात थोडं दुखलं तर त्याला जळणं म्हणत न्हाईत.

माझे साडू म्हणजे बदनापूरचे बद्रीनाथराव, रिटायर सुभेदार, मी त्यांना दाजी म्हणतो. त्यांची बायको पुष्पाअक्का ही माझ्या उषाची थोरली बहीण. इथवर काही तक्रार न्हाई. तक्रार त्यांच्या पोराची, कल्याणची.

कल्याण आठ वर्षांचा असताना दाजींची बदली लेहला झाली. तिथं हिवाळ्यात तळं गोठतं आणि पोरं पात्याचे बूट घालून त्यावर काठीनं रबराची चकती हाणत फिरतात. त्याला आइस हॉकी म्हणतात. हे बेणं ते शिकलं. शाळेच्या टीममध्ये गेलं, मंग देशाच्या ज्युनिअर टीममध्ये, मंग कॅनडातल्या एका कॉलेजानं बोलावून घेतलं, आणि शिक्षण संपताच तिथल्या एका मोठ्या संघानं करार करून त्याला फॉरवर्ड म्हणून उचललं. फॉरवर्ड म्हणजे पुढं घुसून गोल मारणारा. मला तोवर एकच फॉरवर्ड माहीत होतं, सकाळी मोबाइलवर येतं ते.

आता तुम्हीच सांगा, आमच्या जालना जिल्ह्यात बर्फ असतो कुठं? उसाच्या रसात. तरी बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर कल्याणचं बॅनर लागलं, 'बर्फावरचा वाघ'. त्यात खाली शुभेच्छुकांचे बावीस फोटो होते. माझा तेविसावा असणार होता, पण जागा पुरली न्हाई म्हणे.

आणि माझा वैजनाथ? एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात सुपरवायझर. लालभडक सळया त्याच्या समोरून पळतात, दिवसभर घामानं निथळतो. त्याचं बॅनर कुणी लावत न्हाई. मीच एकदा लावतो म्हणलं तर पोरगा म्हणला, "पप्पा, लोक हसतील."

इथवरही मी सहन केलं. पण मंग राजनंदिनीचा विषय निघाला.

राजूरचे कुंडलिकराव आमच्या बियाणे कंपनीसाठी आपल्या शेतात बियाणं पिकवतात, म्हणून माझी त्यांची वीस वर्षांची ओळख. त्यांची पोरगी राजनंदिनी शेतकी शिकलेली, हुशार, बोलायला ठाम. मी वैजूसाठी शब्द टाकला. कुंडलिकराव म्हणले, "बघू की, घरचंच पोरगं आहे." मी मनात मांडवसुद्धा घालून ठेवला. महिनाभरात त्यांना कुणीतरी कल्याणचं बॅनर दाखवलं, आणि ते मलाच फोन करून म्हणले, "भारतराव, जरा थांबा. तुमच्या साडूचं पोरगं बघून घेतो आधी."

माझ्या पोराची जागा साडूच्या पोरानं घेतली, आणि तेसुद्धा मलाच ओळख करून द्यायला लावून. त्या दिवशी जेवण गेलं न्हाई मला.

दिवाळीत मोबाइलवरच पाहण्याचा कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी दोघांना दहा मिनिटं एकमेकांशी बोलायला सोडलं. राजनंदिनीनं विचारलं, "तिकडं बर्फ आहे का?" कल्याण म्हणला, "आहे." बाकीची नऊ मिनिटं दोघंही आपापल्या भिंतीकडं बघत राह्यले. पोरगी म्हणली, विचार करून सांगते. म्हणजे अजून दार बंद झालेलं न्हव्हतं. वैजूला चान्स होता.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही बदनापूरला गेल्तो. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. आत अक्का फोन स्पीकरवर ठेवून कल्याणशी बोलत होती. कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, त्यामुळं सगळं ऐकू येईना. पण एक वाक्य दोन शिट्ट्यांच्या मधोमध सापडलं.

"रडू नको आई. कोचनी मला फार्मवर पाठवलंय. दोन-तीन महिने तिथंच राहीन."

मी पेपर घडी करून ठेवला.

आता हे फार्म प्रकरण तुम्हाला समजावून सांगतो. बियाण्याच्या धंद्यात फार्म म्हणजे कंपनीचं शेत. ऑफिसात ज्याचं साहेबाशी पटत न्हाई त्याला फार्मवर पाठवतात. मी स्वतः अकरा महिने काढलेत तिथं. भर उन्हात कपाशीची बोंडं मोजायची, वहीत लिहायची आणि डुकरं हाकलायची. फार्मवर पाठवलं म्हणजे माणूस संपला. त्यामुळं मला कुणाला काही विचारायची गरजच वाटली न्हाई.

खरं सांगतो, मला आनंद झाला. अक्का डोळे पुसत बाहेर आली तेव्हा मी तोंड पाडून बसलो, पण आतून गार गार वाटत होतं. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तीन दिवसांनी चतुर्थी होती. "उषा, राजूरला गणपतीला जाऊ," मी म्हणलं.

"तुम्ही? आणि चतुर्थीला? त्या गर्दीत?" तिनं मला खालून वर पाह्यलं. "काय केलंत?"

"काही न्हाई केलं. भक्ती आली."

उषाला दर्शनाच्या रांगेत उभं केलं आणि मी सरळ कुंडलिकरावांचं घर गाठलं. चहा आला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मंग मी एक मोठा उसासा टाकला.

"काय झालं, भारतराव?"

"काय सांगू. घरचीच गोष्ट, पण तुमच्यापासून लपवणं बराबर न्हाई. कल्याणला खेळातून काढलं. शेतावर लावलं त्याला."

कुंडलिकरावांची बशी अर्ध्या वाटेत थांबली. या माणसाचा एकच हट्ट होता, आयुष्यभर आपण मातीत घालवलं, पोरगी शेतावर द्यायची न्हाई. मला तो हट्ट पाठ होता.

"कॅनडात? शेतावर?"

"गडी म्हणून."

हे 'गडी' माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत न्हाई. पण निघालं. तेवढ्यात दारात राजनंदिनी येऊन उभी राह्यली.

"काका, काय पिकवतात तिथं?"

"मका," मी म्हणलं. "बटाटा. आणि गाई आहेत."

"किती?"

"दीडशे."

"आणि कल्याण काय करतो?"

तिच्या कपाळावर आठी दिसली, तसा मला चेव चढला. "पहाटे चारला उठतो, पोरी. त्या थंडीत. शेण काढतो."

"दीडशे गाईंचं? एकटा?"

"एकटा."

"फावड्यानं का हातानं?"

"हातानं," मी म्हणलं, आणि डोळ्याला रुमाल लावला.

ती पटकन आत निघून गेली. तोंडावर हात होता तिचा. रडू आवरत न्हाई बिचारीला, असं मला वाटलं. मंग मी उरलेला अर्धा तास वैजूचं सांगितलं. निर्व्यसनी आहे, शांत आहे, पगार पहिल्या तारखेला आईच्या हातात देतो, वरणात मीठ कमी पडलं तरी बोलत न्हाई. एक वाईट शब्द काढला न्हाई मी. कुंडलिकराव मान डोलवत राह्यले.

नवव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"भारतराव, पोरगी राजी झाली! तुमच्या त्या दिवशीच्या बोलण्यानंच जमलं सगळं."

मी टुणकन उठलो आणि परत खुर्चीवर बसलो. "मला खात्री होती. पोरगंच तसं आहे."

"रविवारी घरच्या घरी सुपारी फोडू. सगळे या."

"पोराला पण आणतो."

"आँ? एवढ्या जल्दी त्याला सुट्टी मिळेल?"

"का न्हाई मिळणार? त्याच्या साहेबाशी माझी ओळख आहे. आत्ता फोन लावतो."

"तिथं पण तुमची ओळख? भारतराव, तुम्ही लय पोचलेले आहात."

मला वाटलं, एमआयडीसीत ओळख असणं ही काय एवढी मोठी गोष्ट आहे. पण कौतुक होत असलं की मी मधे बोलत न्हाई.

मी ऑफिसात पेढे वाटले. ज्याला हार घातला होता त्या साहेबाला दोन दिले. वैजूला नवा शर्ट, नवी पॅन्ट, नवे बूट. तो म्हणला, "पप्पा, मी तिच्याशी एक शब्द बोललो न्हाई अजून." मी म्हणलं, "तुझ्या वतीनं मी बोललो." उषा म्हणली, "अक्काला कळवू का?" मी म्हणलं, "तिथं गेल्यावर कळेल, आत्ताच त्यांना वाईट कशाला वाटू द्यायचं." किती मोठं मन माझं, असं मलाच वाटून राह्यलं होतं.

रविवारी राजूरला कुंडलिकरावांच्या दारात उतरलो. पुढं मी, मागं बाशिंग बांधायचंच काय ते बाकी ठेवलेला वैजू. आत पाऊल टाकलं आणि समोर सतरंजीवर कोण? दाजी आणि अक्का. दाजींच्या कपाळाला आधीच कुंकू लावलेलं.

"या या, भारतराव," दाजी उठून उभे राह्यले आणि मला मिठीच मारली. मिल्ट्रीची मिठी, बरगड्या वाजल्या. "माझ्या पोराचं लग्न जुळवलंत आणि मला एका शब्दानं बोलला न्हाईत?"

मी उषाकडं पाह्यलं. उषानं माझ्याकडं पाह्यलं. तिला सगळं कळलं, हे मला त्या एका बघण्यात कळलं.

कुंडलिकराव वैजूकडं बघून म्हणले, "तुम्ही पोराला आणतो म्हणला होता तो हा होय? मला वाटलं कल्याणलाच आणता विमानानं." मंग वैजूचा हात धरून म्हणले, "बरं झालं आला. पंगत वाढायला माणूस लागणारच होतं."

मला एकच आशा उरली. मी खाकरलो आणि म्हणलं, "पण कुंडलिकराव, ते शेताचं? शेणाचं?"

दाजींच्या भुवया वर गेल्या. "कसलं शेण?"

इथं मी मेलोच असतो, पण राजनंदिनी पुढं आली. चेहऱ्यावर राग न्हव्हता, हसू दाबून दाबून लाल झाली होती.

"काका, तुम्ही गेलात आणि मी त्यांना फोन लावला. म्हणलं, गडी म्हणून दीडशे गाईंचं शेण हातानं काढता का? ते दहा मिनिटं हसतच होते. हसणं थांबल्यावर सांगितलं. मोठ्या संघाच्या हाताखाली एक छोटा संघ असतो. नव्या खेळाडूला तिथं पाठवून तयार करतात. त्याला फार्म म्हणतात."

कुंडलिकराव म्हणले, "म्हणजे रोपवाटिका. तयार झालं रोप की मोठ्या वावरात लावायचं."

"बराबर तेच," राजनंदिनी म्हणली. "परवा लावलं पण. मुदतीआधीच मोठ्या संघात परत बोलावलंय."

परत बोलावलंय. एवढं सगळं होऊन वर हेही होतंच.

अक्का डोळ्याला पदर लावून म्हणली, "दिवाळीत दोघांना बोलायला एक विषय सापडत न्हव्हता. आता रोज एकेक तास बोलतात. ती त्याला रोज विचारते, आज किती गाईंचं काढलं. भारतरावांनीच विषय काढून दिला."

दाजी माझ्याकडं बघत होते. मिल्ट्रीचा माणूस, त्याला न कळण्यासारखं यात काहीच न्हव्हतं. मला वाटलं, आता बाहेर नेऊन वाजवतात. ते कुंडलिकरावांना म्हणले, "मधला माणूस आधी. टोपी-टॉवेल आणा."

आणि चाळीस माणसांच्या समोर साडूनं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. कानाशी वाकून हळूच म्हणले, "गडी म्हणून काय, भारतराव?"

लोक टाळ्या वाजवत होते. मी हात जोडून उभा होतो आणि माझी नजर पंगतीकडं होती. वैजू नव्या शर्टाच्या बाह्या वर करून भात वाढत होता. त्याच्याकडं कुणी बघत न्हव्हतं. तेव्हा मात्र पोटात जे दुखलं ते साडूमुळं न्हव्हतं.

येताना गाडी वैजू चालवत होता. उषा मागं तोंड फिरवून बसली होती. मीच शेवटी म्हणलं, "वैजू, माझं चुकलं बाबा. पण तुझं मी तिथं सगळं चांगलंच सांगितलं होतं रे. एक शब्द वाईट न्हाई."

वैजूनं गिअर टाकला. मंग म्हणला, "तेच तर, पप्पा. पुढच्या खेपेला माझंही थोडं वाईट सांगा. निदान कुणीतरी फोन तरी करेल."