तांबूची तोंडी विनंती

त्या युद्धात आघाडीवर कुत्रा न्यायचा असेल, तर परवानगी कुत्र्याने स्वतः, तोंडी मागावी असा नियम होता. मालकाने त्या वेळी तंबूबाहेर उभे राहावे, म्हणजे जबानीवर दडपण येत नाही, असे कारण सांगितले जाई. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

हवालदार सर्जेराव धायगुडे तांबूला घेऊन छावणीत पोहोचला, तेव्हा त्याचा जीव टांगणीला लागला होता. परवानगी नाकारली, तर पुढे एकट्यानेच जावे लागणार होते. वाटेत त्याने तांबूला पढवले होते.

"इमानाचं सांग, मायेचं सांग. पाल्हाळ लावू नकोस."

"बरं, मालक," म्हणून तांबू पडदा सारून आत गेला.

तंबू कापडाचाच. आतले सगळे बाहेर ऐकू येत होते आणि सर्जेरावला जागचे हलण्याची मुभा नव्हती.

"नाव?" सुभेदार तावऱ्यांनी विचारले.

"तांबू."

"वडिलांचं?"

"आमच्यात विचारायची पद्धत नाही, साहेब."

कारकून खुसखुसला. "गावठी दिसतोय."

"माणदेशी," तांबूने दुरुस्ती केली.

"मालकाला तू तिथं कशाला हवास?"

तांबू म्हणाला, "मालकांचं घर खंडोबाचं. भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला, मग माणसांनी ताटाला हात लावायचा. आजवर तुकडा टाकला की मालक लगेच जेवायला लागायचे."

"मग?"

"बदलीचा हुकूम आला, आणि तिकडं शत्रू रसदीत विष कालवतोय अशी आवई उठली. तेव्हापासून मालक तुकडा टाकतात आणि माझ्याकडं बघत बसतात. घरचीच भाकरी, तरी. सवय करून घेतायत, असं मला वाटतं."

बाहेर सर्जेरावची मान खाली गेली. रीत तीच होती, तुकडा तेवढाच होता, देवाचे नावही तो घेतच होता. कोणी बोट दाखवावे असे त्यात काही नव्हते. स्वतःशीसुद्धा त्याने ही गोष्ट कधी उच्चारली नव्हती. शेजारी आपल्या कुत्रीसह ताटकळलेला एक शिपाई खाकरला आणि आकाशाकडे पाहू लागला.

"हे कळूनही तू जायला तयार आहेस?"

"न जाऊन कसं चालेल? उपाशी राहतील ते."

"आणि विष असलंच तर?"

"तर रीत कामाला आली म्हणायची. एकच विनंती आहे, साहेब. मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका. फार मनाला लावून घेतात."

आत कागदावर शिक्का आपटल्याचा आवाज आला. मग सुभेदार म्हणाले, "मंजूर."

तांबू शेपूट हलवत बाहेर आला. "मिळाली."

"काय विचारलं?"

"नेहमीचंच."

"तू काय सांगितलंस?"

"इमानाचं सांगितलं. मायेचं सांगितलं."

सर्जेरावने तोंड उघडले. ऐकले असे सांगावे, तर तांबूची विनंती मोडत होती. न सांगावे, तर आपली लाज राखण्याचे कामही तांबूच्याच अंगावर पडत होते. त्याने तोंड मिटले.

ट्रक निघण्याच्या बेतात होता. तांबू आधी उडी मारून चढला आणि फळकुटाच्या कडेला बसला.

"या, मालक," तो म्हणाला. "वाऱ्याची बाजू मी घेतो."

सर्जेराव निमूटपणे आतल्या बाजूला बसला.